तेराव्यानंतर: जवळचं माणूस गेल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे हे गेले त्याला या कार्तिकात सात वर्षं होतील. तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या दिवशी शेजारून पिठलं-भात आला, पुढे कुणी ना कुणी डबा आणतच राहिलं. भावकीतली माणसं सतरंजीवर बसून असायची, चहाचं पातेलं गॅसवरून उतरत नव्हतं. तेराव्याचं गोड जेवण झालं आणि माणसं पांगली. चौदाव्या दिवशी दुपारी नणंदेला स्टँडवर एसटीत बसवून मी घरी आले, कुलूप काढलं, आणि माझ्यासाठी हे त्या क्षणी गेले.

आपल्या रीतीनं पहिल्या तेरा दिवसांची सोय फार नीट लावून ठेवली आहे. चौदाव्या दिवसाची मात्र कुणीच लावलेली नाही. म्हणून गेली पाच वर्षं साताऱ्यात आम्ही आठ-दहा जण महिन्यातल्या एका रविवारी आळीपाळीनं एकमेकांच्या घरी बसतो. कुणाचा नवरा गेलाय, कुणाची आई, कुणाचा तरणा मुलगा. तिथं जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात ते इथं मांडते आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. जिथं प्रकृतीचा किंवा औषधाचा विषय आहे, तिथं आमच्यात येऊन बसणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंना विचारून लिहिलं आहे.

चार महिने झाले, अजून रोज रडू येतं. लोक म्हणतात, आता सावर. माझं काही चुकतंय का?

नाही. चार महिने म्हणजे काहीच नाही. आमच्यातल्या बहुतेकांना तिसरा-चौथा महिना पहिल्या महिन्यापेक्षा जड गेला. सुरुवातीला मन बधिर असतं, हाताला काम असतं, घरात माणसं असतात. बधिरपणा उतरला की दुखायला लागतं, आणि नेमके तेव्हाच लोकांचे फोन यायचे थांबलेले असतात.

मग उमाळा कुठूनही येतो. मी मंडईत भेंडी घेत होते. भाजीवाल्यानं सवयीनं विचारलं, "सरांसाठी कोवळी काकडी टाकू का?" त्याला माहीतच नव्हतं. पिशवी तिथंच ठेवून मी घरी आले. आमच्यातल्या एका बाईंना अंत्यसंस्काराच्या वेळी टिपूस आलं नाही, पण रेशन कार्डावरचं नाव कमी करण्याचा अर्ज भरताना त्या तहसील कचेरीच्या बाकावर बसून तासभर रडल्या. सकाळी दोन कपांचं पाणी ठेवलं जातं, रात्री दाराला आतून कडी घालताना हात थांबतो. पहिल्या वर्षात प्रत्येक तारीख त्यांच्यावाचून पहिल्यांदाच येत असते.

हे थांबतं का? मला अजूनही कधीतरी तितकाच मोठा उमाळा येतो. फक्त पूर्वी दिवसातून चारदा यायचा, आता दोन-दोन महिने येत नाही. 'सावर' म्हणणाऱ्यांचा फार राग धरू नका. बऱ्याच जणांना तुमचं रडणं बघवत नाही आणि दुसरा शब्द सुचत नाही.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात म्हणे. मी कितव्या पायरीवर आहे?

हा प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या तरुण मुलामुलींचा असतो. नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार अशी ती पाच नावं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ती १९६९ साली मांडली. पण त्यांनी ती मांडली ती स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांना ती नंतर चिकटवली गेली. प्रत्येकाला त्या क्रमानं जावंच लागतं असं काही नाही. शाळेच्या इयत्तेसारखं याचं होत नाही, की राग पास झाला, आता खिन्नतेत प्रवेश.

मला स्वतःला पटलं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेलं. ते म्हणतात, माणूस दोन टोकांत ये-जा करत राहतो. एका टोकाला गेलेल्याची आठवण, फोटो, रडणं. दुसऱ्या टोकाला वीजबिल, मुलांची फी, नवीन कामं शिकणं. मागावरचा धोटा इकडून तिकडे जातो तसं. धोटा एकाच बाजूला अडकून राहिला तर कापड विणलं जात नाही. म्हणून सकाळी ढसाढसा रडलेली बाई दुपारी बँकेत जाऊन सही करून आली आणि संध्याकाळी नातवाच्या बोलण्यावर हसली, तर ती खोटी नाही आणि निष्ठुरही नाही.

मला रडूच आलं नाही. माझं प्रेम कमी होतं का?

नाही. काहींचं दुःख डोळ्यांतून येतं, काहींचं हातांतून. वडील गेल्यावर एका मुलानं त्यांची जुनी सायकल तीन महिने खपून नीट केली, चेन, सीट, घंटीसकट. त्याला कुणी रडताना पाहिलं नाही. त्यानं सायकल दाखवली तेव्हा आम्ही सगळे रडलो.

छातीत दुखतं, भूक नाही, झोप नाही, अंगात त्राण नाही. हे दुःखानंच होतंय का?

होऊ शकतं. पण ते दुःखच आहे असं घरच्या घरी ठरवू नका, विशेषतः छातीचं दुखणं. जबर मानसिक धक्क्यानं कधीकधी हृदयाचा एक भाग तात्पुरता फुग्यासारखा फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. जपानमध्ये १९९० मध्ये डॉक्टरांनी याचं वर्णन केलं आणि त्याला 'ताकोत्सुबो' म्हटलं. ताकोत्सुबो म्हणजे तिकडे ऑक्टोपस पकडायला वापरतात तो मडक्याचा सापळा. हृदयाचा आकार तसा दिसतो म्हणून हे नाव. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे जास्त आढळतं. बहुतेक जण बरे होतात, पण लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात, त्यामुळे दवाखान्यात जाणं आणि ईसीजी काढणं याला पर्याय नाही.

आणखी एक साधी गोष्ट. घरात मयत झाल्यावर उरलेल्यांच्या बीपीच्या, शुगरच्या, थायरॉइडच्या गोळ्या हमखास चुकतात. माझ्या सासूबाईंच्या आठ दिवस चुकल्या होत्या, कारण रोज आठवण करून देणारा माणूसच गेला होता. सांत्वनाला येणाऱ्या एखाद्या जवळच्या माणसानं हे काम आपणहून अंगावर घ्यावं.

झोप येत नाही म्हणून शेजारणीची झोपेची गोळी घेऊ नका. संध्याकाळची दारूची सवय तर याच दिवसांत जडते.

त्यांचा आवाज ऐकू येतो, खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटतं. मला वेड लागतंय का?

हा प्रश्न कुणी चारचौघांत विचारत नाही. चहा झाल्यावर, चपला घालता घालता, हळूच विचारतात.

डब्ल्यू. डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरांनी जोडीदार गेलेल्या २९३ जणांना घरोघर जाऊन हेच विचारलं. १९७१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जवळजवळ निम्म्या लोकांनी सांगितलं की हो, गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं वाटतं, दिसतं, ऐकू येतं. त्यातल्या बहुतेकांनी तोवर ते कुणाला सांगितलंही नव्हतं, आणि अनेकांना त्याचा आधार वाटत होता. वर्षभर तरी मला संध्याकाळी साडेसहाला फाटकाची कडी वाजलेली ऐकू यायची. मी घाबरले नाही, मला बरं वाटायचं. पण आवाज तुम्हाला काही करायला सांगत असेल, स्वतःला इजा करायला सांगत असेल, किंवा भीतीनं घरात राहवत नसेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

दहाव्याला कावळा शिवला नाही. त्यांची इच्छा राहिली का? हे डोक्यातून जात नाही.

या एका गोष्टीनं किती घरं पोखरली असतील!

संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर मी कितीतरी दहावे पाहिले. सकाळी घाटावर पाच-सहा घरांचे पिंड एकाच वेळी मांडलेले असतात. कावळ्यांची पोटं भरलेली असतात. माणसांचा गराडा असतो, कुणी मोबाइल वर धरून उभा असतो, कुत्री फिरत असतात. ऊन चढलं की कावळे सावलीला जातात. अशा वेळी तो पक्षी आला नाही तर त्यात तुमच्या वडिलांची नाराजी शोधू नका. न शिवल्यास दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय रीतीतच आहे. याचा अर्थ, पूर्वीपासून कावळे असे न येणारे होतेच आणि रीत घालणाऱ्यांना ते ठाऊक होतं.

पण त्या घाटावर मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. कावळा येत नाही म्हणून घरातली माणसं एकेक जण पुढे होऊन हात जोडून मोठ्यानं बोलतात. "दादा, धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका." "आण्णा, विहिरीची वाटणी आम्ही भांडण न करता करू." एरवी बापाशी चार वाक्यं न बोललेले पुरुष त्या दिवशी सगळ्यांदेखत बोलतात. ते बोलणं झालं, एवढं खरं. कावळ्यानं ते ऐकलं की नाही यावर त्याचं मोल ठरत नाही. तुमचं काही बोलायचं राहिलं असेल तर आजही बोला, फोटोपुढे, नदीवर, कुठेही. वहीत लिहिलंत तरी चालेल.

दोन वर्षं आईचं अंथरुणातलं सगळं केलं. ती गेली तेव्हा आधी हायसं वाटलं. मी वाईट मुलगी आहे का?

तुम्ही थकलेली मुलगी आहात. रात्री तीनदा उठून कूस बदलायची, डायपर, बेडसोर, औषधांच्या वेळा, नोकरी सांभाळून. तिचे हाल संपले म्हणून हायसं वाटलं, तुमची झोप परत आली म्हणूनही वाटलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींत लाज वाटण्यासारखं काही नाही. अशा सेवेनंतर आणखी एक होतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही: दिवसच रिकामा होतो. आठची गोळी, दहाचं अंग पुसणं, बाराची पेज हा सगळा दिवसाचा सांगाडा निघून जातो. सुरुवातीला त्या वेळांना मुद्दाम काहीतरी लावून घ्या. आमच्यातल्या एकीनं दहाच्या वेळेला शेजारच्या आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला सुरुवात केली.

"आधीच दवाखान्यात नेलं असतं तर..." हे चक्र थांबत नाही.

माझंही थांबत नव्हतं. आदल्या रात्री हे म्हणाले होते, "पित्त झालंय बहुतेक." मी सोलकढी दिली. सकाळी साडेपाचला सगळं संपलं होतं. तीन वर्षं मी रोज ती सोलकढीची वाटी पाहत होते.

डॉक्टर बाईंनी मला एकच करायला लावलं. त्या रात्री मला जे माहीत होतं तेवढंच एका कागदावर लिहायचं, नंतर कळलेलं काहीही लिहायचं नाही. कागदावर आलं: त्यांना पित्ताचा त्रास नेहमीचाच होता, त्या दिवशी लग्नाचं जेवण झालं होतं, घाम नव्हता, ते चालत वर गेले, टीव्ही पाहिला. तो कागद वाचून तुम्ही काय केलं असतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, सोलकढी. अपराधीपणा त्या दिवशी संपला नाही. पण त्यानंतर मी स्वतःवर खटला चालवला तो निदान खऱ्या पुराव्यावर.

गेलेल्या माणसाचाही राग येतो, तंबाखू सोडली नाही म्हणून, पॉलिसी काढली नाही म्हणून, एकटं टाकून गेला म्हणून. तो राग बोलून दाखवायला हरकत नाही. त्यानं त्यांचा अपमान होत नाही.

कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या यांचं काय? बायका येऊन उतरवायला सांगतात.

इथं मी हातचं राखून बोलणार नाही. ज्या बाईचं जग तासाभरापूर्वी कोसळलंय तिच्या हातातल्या बांगड्या चारचौघींनी फोडायच्या, हे मला मान्य नाही, कुठल्याच रीतीच्या नावाखाली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही असंच करण्याचं आवाहन केलं. तेव्हा कुणी म्हणालं की असं कुठं असतं का, तर सांगा, आहे.

मी स्वतः टिकली लावते, मंगळसूत्र कपाटात ठेवलं आहे. आमच्यातल्या एका मावशींना मात्र स्वतःलाच कपाळ मोकळं ठेवावंसं वाटलं आणि त्यांच्या सुनेनं "आई, लावाच" म्हणून हट्ट धरला. तोही जाचच. जिचं कपाळ तिनंच ठरवायचं, आणि पहिल्या दिवशी नाही, तिला सुचेल तेव्हा. घरातल्या पुरुषांनी, मुलांनी, दिरांनी त्या दिवशी दारात उभं राहून "वहिनींना हात लावायचा नाही" एवढं म्हटलं तरी पुरतं. माझ्या दिरानं म्हटलं होतं. मी ते जन्मात विसरणार नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला काय सांगायचं?

खरं सांगायचं, त्याला समजेल अशा छोट्या वाक्यांत. "आजोबा मेले. मेले म्हणजे त्यांचं शरीर बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, आणि ते परत येणार नाहीत." हे लिहितानाही जिभेवर जड वाटतं. पण 'झोपलेत' सांगितलं की मूल झोपायला घाबरतं. 'गावाला गेलेत' सांगितलं की ते वाट पाहतं, आणि मला न सांगता गेले म्हणून रुसतं. 'देवाला आवडले म्हणून नेलं' असं सांगितल्यावर एका मुलीनं देवघराकडे पाठ करून जेवायला सुरुवात केली होती, देवाला आपण आवडू नये म्हणून.

मरण कायमचं असतं हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगू लागतं. म्हणून तेच तेच विचारतील, तेच उत्तर पुन्हा द्यावं लागेल. रडून पाच मिनिटांत खेळायला पळाली तर पळू द्या, मुलांचं दुःख असंच तुकड्या-तुकड्यानं येतं. दोन गोष्टी त्यांना न विचारता सांगा: तुझ्या कुठल्याही वागण्यानं हे झालेलं नाही, आणि तुला शाळेत सोडायला, जेवू घालायला कोण असेल ते. नाव घेऊन सांगा. अंत्यदर्शनाला न्यायचं का, हे मुलाला विचारा. आधी काय दिसेल ते सांगा, आणि त्याचा हात धरायला असं माणूस द्या जे त्याला कंटाळा आला की बाहेर घेऊन जाईल.

आई गेल्यापासून बाबा काहीच बोलत नाहीत.

आपल्या घरांतल्या त्या पिढीच्या पुरुषांचं सगळं बोलणं बायकोमार्फतच व्हायचं, मुलांशीसुद्धा. ती गेली म्हणजे त्यांची भाषाच गेली. समोर बसवून "बाबा, मन मोकळं करा" म्हटलं तर ते उठून जातील. त्यांच्याबरोबर काम करा. चालायला जा, कुंड्यांना पाणी घाला, आईची आमटी कशी व्हायची ते त्यांना विचारून करून पाहा. चुकेल. चुकली की ते बोलतील. आणि त्यांनी कुकर लावायला शिकायलाच हवं. सुनेनं किंवा लेकीनं सगळं हातात देत राहणं ही मदत नव्हे.

बाळ पोटातच गेलं. घरचे म्हणतात, "होईल दुसरं."

दुसरं होईल, पण ते दुसरं असेल. हे गेलं त्याचं काय?

केनेथ डोका या अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखांना एक नाव दिलं, ज्याचा आशय असा की या दुःखावर तुमचा हक्कच समाजानं मान्य केलेला नसतो. गर्भपात, लग्नाबाहेरचं नातं, घटस्फोट झालेला नवरा, घरातलं कुत्रं. यांना सुतक नाही, दहावा नाही, भेटायला कुणी येत नाही. म्हणून ते जास्त सलतं. बाळाला तुम्ही मनात नाव ठेवलं असेल तर ते नाव घ्या, एक झाड लावा, सोनोग्राफीचा कागद जपून ठेवायचा तर ठेवा. आणि वडिलांनाही कुणी तरी विचारा. सगळे बाईला विचारतात, तो औषधं आणायला पळत असतो.

नोकरी करणाऱ्या पुष्कळ जणींना माहीत नसतं म्हणून लिहिते: मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदी ज्या आस्थापनांना लागू आहेत तिथं पात्र कर्मचारी बाईला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. डॉक्टरांचा दाखला लागतो. मागायला लाजू नका.

मी परदेशात आहे. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मला अजून खरंच वाटत नाही.

करोनाच्या दोन वर्षांत हे इथल्याही कितीतरी लोकांच्या वाट्याला आलं. गुंडाळलेला देह लांबून पाहिला, किंवा तोही नाही. डोळ्यांनी पाहिलं नाही की मन मानत नाही, हे अगदी नैसर्गिक आहे. फोन केला की ते उचलतील असंच वाटत राहतं.

रीत उशिरा केली तरी ती रीतच असते. सुट्टी मिळेल तेव्हा या. त्यांची खोली पाहा, त्यांच्या खुर्चीत बसा, शेवटच्या दिवसाचा तपशील जो जवळ होता त्याला विचारा, अगदी काय खाल्लं होतं इथपर्यंत. घाटावर जाऊन या. तिळांजली आता दिली तरी चालते. आणि तिथंही एकट्यानं सुतक पाळत बसू नका. आसपास मराठी माणसं असतील तर एका संध्याकाळी चार जणांना बोलवा, फोटो ठेवा, त्यांच्याबद्दल सांगा. ज्यांनी तुमच्या आईला कधी पाहिलं नाही, त्यांना ती कशी होती हे सांगण्यात वेगळाच दिलासा असतो.

कपडे, फोन, कागदपत्रं यांचं काय करायचं? कधी?

कागदपत्रं लवकर, बाकी सगळं सावकाश.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर नोंद ते कळवतात, घरी झाला तर घरच्यांनी ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत कळवायचं. दाखल्याच्या निदान दहा प्रती घ्या. त्यांच्या एटीएम कार्डानं पैसे काढू नका, पिन माहीत असला तरी. पुढे वारसांत त्यावरून वाद होतात. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीनं पैसे हातात घेणारा असतो, हे भावंडांनी सुरुवातीलाच एकमेकांशी बोलून घ्यावं. या काळात कशावरही सही करायची घाई कुणी केली तर "महिनाभरानं बघू" म्हणा. घर विकणं, गाव सोडणं असले निर्णय शक्य तर वर्षभर पुढे ढकला.

कपड्यांना मुदत नाही. ह्यांचा एक बुशशर्ट मी न धुता पिशवीत बांधून ठेवला होता, वासासाठी. दोन वर्षांनी वास गेला तेव्हा धुतला. फोनमधला नंबर अजून काढलेला नाही.

पहिली दिवाळी आली. करायची का?

नातेवाईक म्हणतील, वर्षभर सण नाही. मुलांना आकाशकंदील हवा असतो. मला वाटतं, आधी घरात बसून ठरवा. तो दिवस अचानक अंगावर येऊ देऊ नका. आम्ही पहिल्या वर्षी फराळातलं फक्त ह्यांच्या आवडीचं शंकरपाळं केलं, एक पणती लावली, आणि पाडव्याला मी माहेरी गेले, कारण पाडव्याचं ओवाळणं मला घरात सोसलं नसतं. लोक काही बोलले असतील. 'वर्षाच्या आत लग्न उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल' हे ऐकून घाईघाईनं मुलीचं लग्न ठरवू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगते.

आमच्या माणसानं आत्महत्या केली. आम्ही काय सांगायचं लोकांना?

जेवढं तुम्हाला सांगावंसं वाटेल तेवढंच. पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन, वर्तमानपत्रातली बातमी, गावातली कुजबुज, या सगळ्यातून जाताना तुम्हाला दुःख करायला उसंतच मिळालेली नसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या विधवांना तर त्यातच कर्ज आणि मदतीच्या पात्रतेचे कागद. 'का केलं' याचं पूर्ण उत्तर बहुतेकांना कधीच मिळत नाही, कारण ते एका कारणानं, एका भांडणानं झालेलं नसतं. मुलांपासून लपवू नका, ती शाळेत कुणाकडून तरी ऐकतातच. आणि या घरांनी समुपदेशकाकडे जायला वाट पाहू नये. तुमच्याही मनात तसे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. क्रमांक पुढच्याच उत्तरात दिला आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

सहा महिने, वर्ष होऊनही ओढ जराही कमी होत नसेल, घरातली-बाहेरची साधी कामं होत नसतील, आपण जगतोय यालाच अर्थ वाटत नसेल, माणूस गेलंय हे मन मुळीच मानत नसेल, तर जा. याला दीर्घ शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्यासाठी निदान सहा महिन्यांची मर्यादा आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याच वर्षी प्रौढांसाठी एक वर्ष धरलं. त्यावर बोलण्याचे खास उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

पण जेवण सुटलं असेल, दारू वाढली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी जा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आमच्यातल्या एकानं रात्री दोनला फोन केला होता. तो आज आमच्यात बसतो.

शेजारच्या घरात गेल्या महिन्यात माणूस गेलं. मी आता जाऊन काय बोलू?

"देवाची मर्जी", "चांगल्या माणसांनाच देव लवकर नेतो", "निदान हाल तरी झाले नाहीत", "तुला मुलांसाठी उभं राहायला हवं", यातलं काही बोलू नका. "काही लागलं तर सांगा" हेही नको, कारण ती सांगणार नाही. गेलेल्याचं नाव घ्या. "सर मला इंग्रजीला होते, एकदा त्यांनी..." असं काही आठवत असेल तर ते सांगा. ती रडली तर रडवलं म्हणून घाबरू नका. तिला वाटत असतं की सगळे त्याला विसरले.

माझ्याकडे समोरच्या काकू दर मंगळवारी दुपारी यायच्या, वर्षभर. सांत्वन म्हणून एक शब्द त्या कधी बोलल्या नाहीत. मेथीची नाहीतर शेपूची जुडी घेऊन यायच्या, पेपर अंथरायच्या आणि म्हणायच्या, "बस, निवडू." हात चालू असले की तोंड आपोआप चालू होतं. तासाभरानं निम्मी भाजी मला ठेवून जायच्या. मंगळवारी कोणीतरी येणार आहे म्हणून सोमवारी मी केस धुवायला लागले.

तुम्हीही जुडी घेऊन जा. बाजारात निवडलेली भाजी पाकिटात मिळते, ती मात्र नेऊ नका.